फायटरची बरणी फेका

वाढदिवसाला आलेल्या मुलांच्या हातात परतीची भेट म्हणून जिवंत मासा देणं बंद करा. या आठवड्याची पहिली मागणी ही, आणि ती हात जोडून नाही, ठणकावून करतो आहे.

काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत निळा-लाल फायटर घरी येतो. सोबत मूठभर रंगीत खडे आणि एक गोल बरणी. बरणी टीव्हीशेजारी बसते. मूल पहिल्या दिवशी दहा वेळा खाऊ घालतं, तिसऱ्या दिवशी विसरतं. पाणी गढूळलं की आई सगळं ओतून देते, बरणी भांड्यांच्या साबणाने घासते आणि नळाखाली पुन्हा भरते. दोन-तीन आठवड्यांत मासा तुळशीच्या कुंडीत जातो आणि घरातलं मोठं माणूस जाहीर करतं, "मासे आपल्याकडे टिकत नाहीत."

टिकतात. नीट ठेवलेला फायटर दोन-तीन वर्षं सहज जगतो, काही चारही काढतात. न टिकणारी गोष्ट बरणी आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्य आहे. ते दुकानात रोज बोललं जातं: "फायटरला काही लागत नाही, ग्लासातसुद्धा राहतो." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. खरं अर्धं असं: फायटरच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत लॅबिरिंथ नावाचं एक इंद्रिय असतं, घड्या-घड्यांचं आणि रक्तवाहिन्यांनी भरलेलं. तो पाण्याच्या वर तोंड काढून हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू तिथे शोषला जातो. आपली मरळही वर येऊन अशीच हवा घेते. म्हणून तर बाजारात ती पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. दोघं एकाच गणातले, दूरचे भाऊबंद. तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी असला तरी फायटर लगेच मरत नाही, हे खरं.

आता न सांगितलेलं अर्धं. मासा कल्ल्यांवाटे चोवीस तास अमोनिया टाकत असतो. त्याची विष्ठा, उरलेलं अन्न, कुजलेलं पान, सगळ्यांतून पुन्हा अमोनियाच तयार होतो. त्याला रंग नाही. पाणी नितळ दिसतं आणि तरी माशाचे कल्ले भाजत असतात. वरून हवा घेता आली म्हणून खालचं विष कमी होत नाही. बरणीतला फायटर गुदमरून मरत नाही, विषाने मरतो. आणि त्याला वेळ लागतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की तो मजेत आहे.

हिशोब साधा आहे. गोल बरणीत दीड लिटर पाणी, बऱ्या टाकीत वीस लिटर. मासा तोच, घाण तेवढीच. बरणीत ती तेरा पटींहून दाट. पुन्हा दीड लिटर पाणी पंख्याखाली तासाभरात थंड होतं आणि उन्हाची तिरीप आली की तापतं. रोम शहराने २००५ मध्ये गोल बाउलमध्ये मासे ठेवायला बंदी घातली. आपल्याकडे त्याच बाउलला रिबन बांधतात.

मग ही बरणी आली कुठून? गोदामातून. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचे पर फाडतात, म्हणून पैदास करणारे वयात आलेले नर सुटे करतात, एकेका बाटलीत एकेक. थायलंडमध्ये नाखोन पाथोमसारख्या भागात अशा बाटल्यांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात. तिथे पाणी नियमित बदलणारे हात असतात आणि हवा बारा महिने उबदार. तिथून मासा थोड्याशा पाण्याच्या पिशवीत विमानात बसतो, दुकानात प्लॅस्टिकच्या पेल्यात येतो. बाटली, पिशवी, पेला या तिन्ही विक्री होईपर्यंतच्या सोयी आहेत. गिऱ्हाईक त्या सोयीलाच माशाचं घर समजून बसतं आणि दुकानदार त्याचा गैरसमज दूर करत नाही, कारण दोनशे रुपयांचा मासा खपवायला "काही लागत नाही" हेच वाक्य उपयोगी पडतं.

दुसरी थाप निसर्गाची. "अहो, हे मासे भातशेतीतल्या डबक्यात राहतात." राहतात ना. मध्य थायलंडच्या सखल मुलखात, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात, भातखाचरांत आणि दलदलीत त्यांचं मूळ घर आहे. पण भातखाचर म्हणजे काय ते थायलंडला न जाताही कळतं. पावसाळ्यात कोकणात जाऊन बघा. पाणी घोट्याएवढं, आणि पसारा बांधापासून बांधापर्यंत. उथळ आहे, लहान नाही. त्यात गवताची दाटी, सावली, किडे, डासांच्या अळ्या, लपायला हजार जागा. डबक्याचा दाखला देणाऱ्याने खाचराएवढी लांबी-रुंदी द्यावी, मग खोलीबद्दल तक्रार नाही.

आणि हा मासा काही ऐरागैरा नाही. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाने, तिसऱ्या रामाने, १८४० मध्ये थिओडोर कँटर या डॉक्टरला काही मासे दिले. चार्ल्स टेट रीगन या मत्स्यशास्त्रज्ञाने १९१० मध्ये या माशाला बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव दिलं. माणसाने त्याला पाळायला मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये त्याच्या जनुकांवरून हजार वर्षांपूर्वीपर्यंत माग काढला. इतकी शतकं झुंजीसाठी निवडून निवडून वाढवलेला प्राणी, मग रंगासाठी, मग शेपटीसाठी. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. त्याआधी २०१६ मध्ये थायलंडच्या झेंड्याच्या रंगाचा एक मासा ऑनलाइन लिलावात ५३,५०० बाथला गेला. इकडे त्याच जातीचा जंगली मासा आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित प्रजातींत आहे, कारण त्याची दलदल आटते आहे. माणसाने ज्याच्यावर एवढे कष्ट घेतले, त्याला शेवटी चहाच्या पेल्याएवढं पाणी मिळावं, हे मला पटत नाही.

तर टाकी. वीस लिटर ही कमीत कमी, आदर्श नव्हे. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी कुठल्याही फिशटँकवाल्याकडे बनवून मिळते; वरचे दोन इंच रिकामे ठेवले तरी तेवीस लिटरच्या आसपास पाणी मावतं. जागा असेल तर लांबी दीड फूट करा. उंची वाढवू नका. या माशाला हवेसाठी दिवसभर वर-खाली करावं लागतं आणि लांब पर ओढत दोन फूट चढणं त्याला शिक्षा असते. दीड फुटी भरलेली टाकी खडे आणि काच धरून पन्नास किलोकडे जाते. ती शोकेसच्या पातळ फळीवर ठेवायची नसते. भक्कम, सपाट टेबल, टाकीखाली थर्माकोलचा तक्ता आणि खिडकीच्या उन्हापासून लांब.

झाकण हवंच. फायटर उड्या मारतो आणि सकाळी फरशीवर सुकलेला सापडतो. झाकणाचं दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं: पाणी आणि झाकण यांच्यामधली हवा उबदार, दमट राहते. मासा श्वास तिथूनच घेतो. थंड, कोरडी हवा त्या नाजूक इंद्रियाला मानवत नाही.

गाळणी स्पंजची. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर, त्याच्या नळीला हवा कमी-जास्त करायची चावी. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही. टाकीत तो वाहत जाताना दिसला किंवा कोपरा धरून बसला तर हवा कमी करा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं उतरतं, पंप बिघडतो आणि जमिनीवर तळं होतं. ज्या गावांत रोज वीज जाते तिथे हा काही रुपयांचा व्हॉल्व्ह विसरून चालत नाही.

हिटरबद्दल सगळ्यांत जास्त वाद होतो. "आपल्याकडे काय गरज?" आहे. फायटरला पंचवीस ते अठ्ठावीस अंश लागतात. जानेवारीतलं पुणं आठवा, नाशिक आठवा, निफाड आठवा. रात्री हवा दहाच्या खाली जाते आणि टाकीतलं पाणी वीसच्या खाली. थंडावलेला फायटर खाणं सोडतो, तळाशी बसून राहतो, आणि घरचे म्हणतात, झोपलाय. मुंबईकरांनी निश्चिंत होऊ नये, कारण तिथे टाकी एसीच्या बेडरूममध्ये असते. पाण्याच्या दर लिटरमागे साधारण एक वॉट धरा. लहान टाकीला पंचवीस वॉटचा हिटर पुरतो. त्याच्या तबकडीवर विश्वास टाकू नका, वेगळा थर्मामीटर लावा. पाणी काढताना हिटर आधी बंद करा, तापलेली काच उघडी पडली की तडकते. विदर्भातलं संकट उलटं असतं. मे महिन्यात टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवा, झाकणाऐवजी जाळी लावून वरून पंख्याचा वारा द्या. बर्फ मात्र टाकू नका. तापमान झपकन उतरणं हे गरम पाण्याइतकंच वाईट.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टाकी आधी, मासा नंतर. आणि मध्ये महिना-दीड महिना.

इथे माणसं मला सोडून जातात, हे माहीत आहे. रविवारी सकाळी टाकी आणि संध्याकाळी मासा, ही आपली घाई. पण नवी टाकी भरली म्हणजे फक्त काचेत पाणी साठलं. त्या टाकीत अजून काही जिवंत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर, काचेवर हळूहळू वसतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासा सोसतो आणि वनस्पती खातात. नायट्रोजन चक्र आपण शाळेत आकृती काढून पाठ केलं, पाच गुण घेतले आणि टाकीशी त्याचा संबंध आहे हे कुणी सांगितलं नाही. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत फिल्टर सुरू ठेवायचा आणि चिमटीभर माशाचं खाद्य टाकत राहायचं, म्हणजे जिवाणूंना काम मिळतं. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. वेळ बराच वाचतो. दुकानात जिवाणूंच्या बाटल्याही मिळतात. काही चालतात, काही नाहीत. निर्णय थेंबांच्या टेस्ट किटने घ्यायचा: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं दिसतंय. असं सलग काही दिवस दिसलं की मगच मासा आणायला निघा.

ज्यांना महिनाभर रिकामी टाकी बघवत नाही, त्यांनी त्यात वनस्पती लावाव्यात. जावा फर्न आणि अनुबियास कमी उजेडात, बिनखताचं जगतात. त्यांचं खोड खड्यात पुरू नका, कुजतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. पाण्यावर तरंगणारी थोडी वनस्पती सोडा, सावली होते. फायटरला पृष्ठभागाजवळ रुंद पानावर पडून राहायला आवडतं, हे एकदा पाहिलं की माणूस प्लॅस्टिकच्या झाडांकडे वळत नाही. ती झाडं त्याचे पर फाडतात. शंका असेल तर नायलॉनचा मोजा त्यांच्यावरून फिरवा; धागा अडकला तर परही अडकणार. लपायला अर्धी करवंटी, कडा घासून गुळगुळीत केलेली, उकळून धुतलेली. गुहेसाठी पैसे मोजायची गरज नाही.

तळाला गोल, बारीक, नदीतले खडे. पांढऱ्या संगमरवराच्या चिपा दुकानदार प्रेमाने देतो, त्या परत करा. संगमरवर पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड आणि अल्कधर्मी होतं, आणि अल्कधर्मी पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. अलिबागहून वेचून आणलेले शंख-शिंपलेही याच कारणासाठी कपाटातच शोभतात.

एक फुकटची गोष्ट मात्र आवर्जून टाका. आपल्या सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानात, कोकणातल्या वाडीत मजल्या-मजल्यांनी वाढणारं देशी बदामाचं झाड असतं. त्याची मोठी पानं लाल होऊन गळतात आणि झाडूवाले ती ढिगाने जाळतात. थायलंडमधले फायटर पाळणारे पिढ्यान् पिढ्या हीच पानं पाण्यात घालत आले आहेत. पानातलं टॅनिन पाण्यात उतरतं, पाणी कोऱ्या चहासारखं होतं, किंचित आम्लधर्मी होतं, बुरशीला थोडा आळा बसतो आणि प्रखर उजेड मंदावतो. आपोआप गळलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान घ्या. रस्त्याकडेचं, धुरळा खाल्लेलं किंवा कीटकनाशक मारलेलं नको. स्वच्छ धुऊन तळहाताएवढा तुकडा टाकीत सोडा, दोन-तीन आठवड्यांनी बदला. हीच पानं इंटरनेटवर पाकिटात विकत मिळतात आणि खाली आवारात त्यांना काडी लावली जाते. ते जाळणं थांबवायला सोसायटीच्या सभेत हा मुद्दा मांडायलाही माझी हरकत नाही.

पाण्याचे तीन घोटाळे. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते कल्ले जाळतं आणि महिनाभर वाढवलेले जिवाणूही मारतं. सोडियम थायोसल्फेटचं द्रावण दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतं, तेच बादलीत घालून मग पाणी टाकीत ओता. दुसरा घोटाळा टँकर आणि बोअरवेलचा: क्लोरीन बहुधा नसतं, पण पाणी जड असतं. फार जड नसेल तर फायटर जुळवून घेतो. मात्र दर आठवड्याला पाण्याचा उगम बदलला तर जुळवून घेत नाही. तिसरा घोटाळा मायेपोटी होतो. "आम्ही त्याला आरओचं पाणी देतो." निव्वळ आरओच्या पाण्यात माशाला लागणारे क्षार जवळजवळ उरलेले नसतात आणि पाण्याचा सामू कधीही ढासळतो. पिण्याचं पाणी माणसाला ठेवा, माशाला नळाचं, क्लोरीन घालवलेलं द्या.

आठवड्यातून एकदा चौथाई ते तिसरा हिस्सा पाणी नळीने तळातून ओढून काढा आणि तेवढंच, त्याच तापमानाचं, घाला. सगळं पाणी एकदम कधीच बदलू नका. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका. साबणाने तर काहीच धुवायचं नाही. पर झिजले, कडा काळ्या पडल्या, की लोक निळं-पिवळं औषध घ्यायला धावतात. आधी पाणी तपासा. बरणीत झालेल्या दुखण्यांपैकी बरीचशी स्वच्छ, कोमट पाण्यात आपोआप मागे हटतात.

खाणं. हा मासा मांसाहारी आहे, किडे-अळ्या खाणारा. भाताची शितं, पोळीचा चुरा, ब्रेड, बिस्किट यातलं काही त्याचं अन्न नाही. फुलदाणीत झाड लावून खाली फायटर सोडायचा आणि तो मुळं खाऊन जगेल असं सांगायचं, हा अमेरिकेतून आलेला प्रकार तर सरळ उपासमार आहे. फायटरसाठीचे दाणे, सकाळी तीन, संध्याकाळी तीन. त्याच्या पोटाला एवढं पुरतं. आठवड्यात एक दिवस काही नाही. अधूनमधून गोठवलेल्या ब्लडवर्म किंवा डाफ्निया. दुकानातली जिवंत ट्युबिफेक्सची लालभडक गुंतवळ घेऊ नका. ती गटाराच्या गाळात वाढते आणि आजार सोबत आणते.

संगत नको. गप्पीच्या रंगीत शेपट्या बघून तो त्यांना नर समजतो आणि तोडतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि घाण तो दुप्पट करतो. दुसरा फायटर तर नाहीच, मधे काच असली तरी नाही. समोर आरसा धरून त्याला कल्ले फुलवायला लावणं हा पाहुण्यांचा आवडता खेळ आहे. तो मासा तेव्हा शत्रू समोर आहे असं समजून अंगातली सगळी ताकद लावत असतो. तो खेळ तुमच्या घरात बंद करा, पाहुणा कितीही जवळचा असो. आणि पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं म्हणजे तो सुखात आहे, असंही धरू नका. वयात आलेला नर पेल्यातसुद्धा फेस करतो. त्याचं शरीर त्याला पिल्लांची तयारी करायला सांगत असतं, पाणी कसं आहे हे नाही.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने हाफमूनच्या मोहात पडू नये, असं माझं मत आहे. अर्धवर्तुळात उघडणारी ती शेपटी दिसते सुंदर, पण ती ओढता ओढता मासा थकतो आणि काही नर तर स्वतःचीच शेपटी चावतात. आखूड परांचा प्लाकाट घ्या. तो चपळ असतो, पोहताना त्याचं अंग दिसतं आणि टाकीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन बघतो. कुर्ल्याच्या बाजारात घ्या, क्रॉफर्ड मार्केटात घ्या, गावातल्या दुकानात घ्या. पेला हातात घेऊन आधी बघा की मासा बोटामागे डोळे फिरवतो का, पर मोकळे आहेत का, अंगावर सोनेरी धुरळ्यासारखी पूड तर नाही. मग दुकानदाराला मोठ्याने विचारा की हा किती लिटरच्या टाकीत ठेवायचा. शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू गेलं पाहिजे.

"मासा दोनशेचा आणि सामान दोन-तीन हजारांचं?" हो. मासा पाळण्याचा खर्च तोच आहे. झेपत नसेल तर घेऊ नका, त्यात काही कमीपणा नाही. घेतल्यावर कंटाळा आला म्हणून पवईत किंवा रंकाळ्यात सोडू नका. तिथे तो लांब शेपटी घेऊन कुणाच्या तरी तोंडात जातो, आणि वाचला तर घरचा रोग तिथल्या माशांना देतो. पाळणारा दुसरा शोधा.

राहिला तो मासा, जो आत्ता, हे वाचताना, तुमच्या टीव्हीशेजारी बरणीत आहे. त्याच्यासाठी महिनाभर थांबायची सवड नाही. घरातली वीस लिटरची बादली घ्या, जिच्यात कधी साबण-फिनाईल गेलेलं नाही अशी. नसेल तर नवी आणा. तीन चतुर्थांश भरा, अँटिक्लोरीन घाला, पाणी बरणीइतकंच कोमट आहे का ते थर्मामीटरने बघा. बदामाचं एक पान टाका. बरणीतलं अर्धं पाणी काढा, बादलीतलं थोडं थोडं त्यात घालत अर्धा तास जाऊ द्या, मग मासा अलगद सोडा. वर जाळी किंवा भोकं पाडलेलं झाकण. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, दाणे मोजून द्या. बादली दिसायला चांगली नाही, आणि मासा वरूनच दिसेल. चालेल. दरम्यान टाकीची ऑर्डर द्या आणि ती आली की तिचा स्पंज फिल्टर पहिल्या दिवसापासून याच बादलीत चालवायला लावा.